दोघांचा एकत्र फोटो

दार उघडलं आणि आतली बाई माझ्याकडे बघून हसली, तेव्हाच मला कळलं की तिला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. तिच्या ओठांत दोन टाचण्या धरलेल्या होत्या आणि त्या पडू न देता ती हसली. गळ्यात मोजायची टेप, हातात कात्री. ‘कोण पाहिजे?’ तिने टाचण्यांमधून विचारलं. मी पाठ केलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलेलंच होतं. ते वाक्य असं आहे: मी वर्तमानपत्राकडून आलेय, फार वाईट झालं, तुम्हाला त्रास द्यायचा नाही, पण एक फोटो मिळाला तर बरं होईल. त्यातला पहिला तुकडा मी बोलून गेले आणि दुसऱ्याच्या तोंडाशी येऊन थांबले. ‘वर्तमानपत्राकडून?’ ती म्हणाली आणि तिने टाचण्या काढून पोलक्याच्या बाहीत खोचल्या. ‘म्हणजे आलं वाटतं छापून? आमच्या ह्यांचं?’ मी म्हटलं, ‘हो. म्हणजे, येणार आहे.’ ती बाजूला झाली आणि मी आत गेले.

अशा दारात कोणी हसत नसतं. एक तर दार उघडंच असतं आणि बाहेर चपलाबुटांचा ढीग पडलेला असतो. जिना चढताना मी आधी तो ढीग बघते. ढीग दिसला की घर बरोबर आहे असं समजायचं, पाटी वाचायची गरज पडत नाही. मग कोणी काका, मामा, शेजारी पुढे होतो. त्याचे डोळे कोरडे असतात आणि त्याला काहीतरी काम हवं असतं. मी त्याला काम देते, फोटो शोधायचं. माझ्या धंद्यातली सगळी हुशारी एवढीच: रडणाऱ्या माणसाच्या वाटेला जायचं नाही, ज्याला रडू येत नाही त्याला गाठायचं. त्या दिवशी दाराबाहेर बायकी चपलांचा एकच जोड होता, भिंतीला नीट लावून ठेवलेला. मी तो पाहिला होता. पाहूनही मी बेल दाबली.

लोकांना वाटतं, मी कॅमेरा घेऊन दंगलीत धावते. सकाळी मी कॉलेजात वृत्तछायाचित्रण शिकते आणि दुपारनंतर एका दैनिकाच्या फोटो विभागात उमेदवारी करते. तिथे पहिल्याच दिवशी साहेबांनी मला कॅमेरा खाली ठेवायला लावला आणि एक पत्ता सांगितला. अपघातात, आगीत, पाण्यात माणूस गेला की पेपरला त्याचा चेहरा लागतो, आणि चेहरा असतो त्याच्या घरी, कपाटात नाहीतर भिंतीवर. तो दुसऱ्या पेपरचा माणूस पोचायच्या आत आणायचा. यातली जुनी खोडं तर सगळा अल्बमच उचलून आणतात, मागून येणाऱ्याला काही उरू नये म्हणून. हे काम विभागातल्या सगळ्यात नव्या माणसाचं, जसं घरातलं खरकटं नव्या सुनेचं. आणि मला ते चांगलं जमलं, हीच पंचाईत झाली. ‘तुझं तोंड चांगलं आहे,’ साहेब म्हणतात. ‘तुझ्याकडे बघितलं की माणसाला वाटतं, हिचं पण कोणीतरी गेलंय.’ विभागात मला चित्रगुप्त म्हणतात. आधी राग यायचा. आता कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर मी मागे वळून बघते, कोणाला बोलावतायत म्हणून.

त्या दिवशी वर्गात सर खिडकीचा उजेड शिकवत होते. सरांनी आयुष्यभर पेपरांसाठी फोटो काढले आणि आता गुडघा गेल्यावर ते शिकवतात. त्यांची एक खोड आहे. कुठलाही फोटो पडद्यावर लावला की आम्ही लगेच त्यातल्या माणसांबद्दल बोलायला लागतो, कोण पडलंय, कोण धावतंय. सर हात वर करून थांबवतात. ‘ते राहू दे. फोटो काढणारा कुठे उभा होता ते सांगा. त्याच्या पायाखाली काय होतं?’ मग आम्ही सावल्या बघून, जमिनीच्या रेषा बघून शोधायचं, की तो गच्चीवर होता, की चिखलात गुडघे टेकून होता, की एखाद्या सुरक्षित जागी, मोटारीच्या काचेआड. सुरुवातीला हा खेळ वाटायचा. पुढे पुढे मला त्याची भीती वाटायला लागली. फोटोत नसलेला माणूस मला फोटोतल्यांपेक्षा ठळक दिसायला लागला. एखादी बाई छाती पिटतेय आणि तिच्यापासून दोन हातांवर कोणीतरी एक डोळा मिटून शांत उभा आहे. त्याला घाम आलाय का, त्याला भूक लागलीये का, त्याला घरी कोणी वाट बघणारं आहे का, हे फोटोत कुठेच येत नाही. तेवढ्यात ऑफिसातली बाई सांगायला आली, तुझा फोन आहे. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘जा. कोणीतरी गेलेलं दिसतंय.’ वर्ग हसला. मीही हसले.

‘नव्या पुलावरची क्रेन आडवी झालीये,’ साहेब फोनवर म्हणाले. ‘चालवणारा वरच होता. पत्ता लिहून घे, तुझ्या कॉलेजच्या मागचीच गल्ली आहे.’ घरच्यांना कळवलंय का, हे मी विचारलं नाही. तसं विचारायची कधी वेळच आली नव्हती. बातमी नेहमी माझ्या पुढे गेलेली असायची आणि मी तिच्या मागून जायची. या वेळी घर जवळ होतं आणि माझे पाय तरुण, एवढंच झालं. घरात फोन नव्हता. कंपनीची माणसं अजून पुलाखाली उभी राहून, कोणी जाऊन सांगायचं ते ठरवत होती. हे सगळं मला संध्याकाळी कळलं. बेल दाबताना माझ्या गळ्यात वर्गासाठी घेतलेला कॅमेरा होता आणि त्यात अर्धा वापरलेला रोल.

खोलीभर कापड होतं. ती पडदे शिवून द्यायची. कुठल्याशा हॉटेलचं काम आलं होतं, जाड विटकरी कापड आणि त्याला आतून लावायचं पांढरं अस्तर. धुतलेल्या अस्तराचा एक लांब पन्हा तिने वाळायला खिडकीच्या दांडीवर सोडला होता आणि सकाळचं ऊन त्यातून गाळून आत येत होतं. भिंतींवर, शिलाई मशीनवर, तिच्या गालावर तो उजेड सारखा पसरला होता, कुठे काळं नाही, कुठे पांढरंफटक नाही. सर अर्धा तास फळ्यावर खडूने जे काढून दाखवत होते ते इथे आयतं मांडलेलं होतं. तिला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे सगळं होतंच. पण त्या सगळ्याच्या आधी मी उजेड पाहिला.

‘बस ना,’ ती म्हणाली आणि खुर्चीवरचं कापड उचलून मशीनवर टाकलं. ‘गेल्या महिन्यात कोणीतरी येऊन गेला होता पुलावर, सगळ्यांना विचारत होता, किती उंच आहे, भीती वाटते का. तेव्हापासून घरात एकच टकळी, मी पेपरात येणार. मी म्हटलं, तुम्ही कसले येताय, क्रेन येईल पेपरात. तुम्ही मुंगीएवढे दिसाल. आता संध्याकाळी मलाच ऐकून घ्यावं लागणार.’ ती बोलत होती आणि फोटोसाठी कपाट उघडत होती. ‘भीती कसली वाटतेय! दिवसभर आभाळात बसतात. डबासुद्धा वरच खातात, खाली उतरायचा कंटाळा. आणि घरात बल्ब बदलायचा म्हटला तर स्टुलावर चढायला तयार नाहीत. म्हणतात, स्टूल हलतं.’ ती हसायला लागली. मीही हसले, खरंच हसले, कारण ते हसण्यासारखंच होतं. हसणं संपल्यावर मात्र माझ्या चेहऱ्याचं काय करायचं ते मला कळेना.

सांगून टाकावं असं मनात आलं नाही असं नाही. मी शब्द जुळवत होते. काकू, पुलावर जरा अपघात झालाय. काकू, घरात दुसरं कोणी आहे का? प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला मावशी दिसायची. आमचे काका गेल्याची बातमी मावशीला सगळ्यात आधी दूधवाल्याने दिली होती. तो बिचारा रस्त्यात पाहून धावत आला होता. त्यानंतर मावशीने त्याच्याकडून दूध घेणं बंद केलं. त्याचा काय दोष, असं सगळे म्हणायचे. मावशीही म्हणायची, त्याचा काय दोष. पण तो गल्लीत दिसला की ती आत निघून जायची. बातमी देणारा माणूस बातमीला कायमचा चिकटतो. मला त्या बाईच्या आयुष्यात दूधवाल्याची जागा नको होती, हे एक. आणि दुसरं म्हणजे, तिला अजून काही मिनिटं हसू दिलं तर कोणाचं काय जातं, असा एक दयाळू विचारही मी शोधून काढला. तो विचार फार सोयीचा होता, म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास बसला नाही. तिची ती मिनिटं माझ्या हातात कोणी दिली होती? मी खुर्चीच्या कडेवर बसून होते आणि ती कपाटात वाकून एकेक डबा बाहेर काढत होती.

फोटो शोधणाऱ्या माणसाच्या पाठीकडे बघत बसायची मला सवय आहे. अशा वेळी मला हटकून आमचे आजोबा आठवतात, आईचे वडील. ते गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. मग सगळ्या मामांनी मिळून एका चित्रकाराला बोलावलं. मोठ्या मामांचं नाक अगदी आजोबांचं, असं आजी म्हणाली, धाकट्याचे कान, आईचं कपाळ. चित्रकाराने सगळ्यांना ओळीने बसवून ज्याचं त्याचं जे ते उचललं. तयार झालेलं चित्र कोणासारखंच दिसत नव्हतं, थोडंसं त्या चित्रकारासारखं दिसायचं. आजी चार दिवस त्याच्याकडे पाठ करून बसली. पण वर्षं गेली आणि सगळ्यांना आजोबा तसेच आठवायला लागले. आजीसुद्धा शेवटी शेवटी म्हणायची, अगदी हुबेहूब आलेत. मी फोटो काढायला शिकले ते त्या चित्रामुळे. माणूस जाण्याआधी त्याचा खरा चेहरा कोणीतरी धरून ठेवायला हवा, असं मला लहानपणी वाटायचं, आणि ते काम आपण करू असंही वाटायचं. माणूस गेल्यावर त्याच्या घरी जाऊन चेहरा मागायचं काम नशिबात येईल, हे तेव्हा कुठे माहीत होतं.

‘हा घे,’ ती म्हणाली. कंपनीच्या ओळखपत्रासाठी काढलेला, मोठा करून चौकटीत बसवलेला. जाड मिशा, समोर रोखून बघणारे, जरा घाबरलेले डोळे. स्टुलावर उभं केल्यासारखा चेहरा. ‘पण नेऊ नको हं. एवढा एकच बरा आहे. इथेच काढून घे.’ असं पुष्कळ जण म्हणतात, तेव्हा आम्ही फोटोचाच फोटो काढतो. मी चौकट खुर्चीवर उभी केली, खिडकीजवळ ओढली, काचेवर चमक येणार नाही अशी तिरकी धरली आणि खटका दाबला. काम झालं होतं. मी उठून निघायला हवं होतं. ‘थांब,’ ती म्हणाली. ‘आलीच आहेस तर माझा पण एक काढ. यांच्याबरोबर. आमचा दोघांचा एकत्र असा फोटोच नाही.’ लग्नातला असेल ना, मी म्हटलं. ‘आहे की. त्यात मी मान खाली घालून. नुसता भांग दिसतोय. नंतर जमलंच नाही बघ. मी यांचा काढला तर मी नाही, यांनी माझा काढला तर हे नाहीत. तिसरं माणूस लागतं ना त्याला, आणि तिसरं माणूस घरात आलं की आपण चहा करत बसतो.’ तिने चौकट उचलली, केस हातानेच मागे सारले आणि पांढऱ्या अस्तरासमोर जाऊन उभी राहिली. चौकट खांद्याला टेकवली, नवऱ्याचं डोकं तिच्या गालाच्या रेषेत येईल अशी. ‘हे बरोबर उंचीला आलेत का? एरवी माझ्यापेक्षा उंच आहेत, पण आज चालेल.’

मी कॅमेरा डोळ्याला लावला. नाही म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं, आणि कारण एकच होतं. हे खरं आहे. त्या उजेडात, त्या विटकरी आणि पांढऱ्या कापडाच्या मधोमध, हातात मेलेला नवरा धरून हसणारी आणि ते माहीत नसलेली ती बाई समोर होती, आणि असा फोटो मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. हेही खरं आहे. यातलं कुठलं किती, हे मला अजून वेगळं काढता येत नाही. ती हसताना डुलत होती, चौकट वरखाली होत होती. ‘काकू, हलू नका,’ मी म्हटलं. ती श्वास रोखून उभी राहिली, लहान मूल राहतं तशी, आणि डोळ्यांत हसत राहिली. मी खटका दाबला. ‘हा पेपरात नको हं,’ ती म्हणाली. ‘हा मला दे. यांना दाखवते.’ मी म्हटलं, ‘देते.’

चहाला नको म्हणून मी निघाले. मागे दार लागलं आणि लगेच मशीनचा आवाज सुरू झाला, लांबलचक शिवण चालली होती. अर्ध्या जिन्यात तीन माणसं भेटली. पुढच्याच्या हातात पिवळं हेल्मेट होतं, ते त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. मागच्या दोघांच्या बुटांना ओला सिमेंटचा चिखल. ‘पडदेवाल्या बाई कुठे राहतात?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘वर, डावीकडे.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि तिथेच उभा राहिला, जणू मी आणखी काही सांगेन. मग ते चढले. मी खाली आले नाही. कठड्याला धरून ऐकत राहिले. मशीन चालूच होतं. बेल वाजली. मशीन थांबलं. ते पुन्हा सुरू होईल म्हणून मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. शेवटी खाली उतरले तेव्हा दाराशी दुसऱ्या पेपरचा पोऱ्या सायकल लावत होता. ‘मिळाला का गं?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘सगळा अल्बम आणलाय, वर काही उरलेलं नाही.’ त्याने शिवी हासडली आणि परत गेला. आमच्या धंद्यातली ही थाप मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरली. त्या थापेने तो फार तर तासभर टळला असेल.

बसमध्ये कॅमेऱ्याच्या मागच्या खिट्टीवर माझा अंगठा होता. उघडलं की रोलवर उजेड पडतो आणि सगळं जातं. पण त्याच रोलवर तो ओळखपत्राचा चेहराही होता, पेपरला हवा असलेला. तो गेला तर मी रिकाम्या हाताने परतणार होते. एक बहाणा म्हणून हे पुरेसं होतं. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, तो फोटो आला का. दार उघडून एखादं माणूस हसलं आणि त्यानंतर इतकं काही झालं, तरी शिकाऊ माणसाला आधी हेच बघायचं असतं, की आला का.

डार्करूमवाल्या काकांनी ओली फिल्म चिमट्याने लटकवली आणि साहेब भिंग घेऊन तिच्याशी वाकले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, पांढरं अस्तर काळं, तिचे केस पांढरे, एकदम म्हातारी. साहेब ओळखपत्राच्या चेहऱ्यावरून पुढे सरकले आणि थांबले. एरवी ते सतत बडबडतात. ‘ही कोण?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याची बायको. ते भिंगातून बाहेर आलेच नाहीत. ‘पहिलं पान,’ ते म्हणाले, अगदी हळू. ‘वरच्या बाजूला, मोठा. क्रेन खाली गेली तरी चालेल.’ मला आनंद झाला. लाज वाटली असं अशा ठिकाणी लिहायची पद्धत आहे, पण लाज नंतर आली. आधी कानापर्यंत गरम झालं, आणि विभागातले सगळे वळून माझ्याकडे बघतायत हे मला फार बरं वाटलं. काकांनी घाईने एक प्रिंट काढली. ती पाण्यात असतानाच साहेब फोटोखालची ओळ लिहायला बसले. पतीचं छायाचित्र हाती घेतलेली, एवढं लिहून त्यांची पेन्सिल थांबली.

‘ही हसतेय का?’ साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, ‘तिला माहीत नव्हतं.’ ‘आणि तुला?’ ‘मला होतं.’ त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली, परत काढली. ‘मग काय लिहू? हिचा नवरा मेलाय हे आमच्या मुलीला आधी कळलं आणि तिने हिला हसायला सांगून फोटो काढला?’ मी म्हटलं, ‘मी हसायला सांगितलं नाही.’ ‘हो का? मग तेही लिहितो.’ त्यांनी लिहिलेली अर्धी ओळ खोडली. ‘नुसताच छापला तर लोक म्हणतील, नवरा गेला आणि ही बया हसतेय. तिला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आणि खरं लिहिलं तर उद्या लोक आपल्या दारात दगड घेऊन येतील, आणि बरोबर करतील.’ त्यांनी ओली प्रिंट फाडून टाकली, टेबलावरची कात्री घेतली, फिल्ममधला तो एक चौकोन कापला आणि माझ्या हातात ठेवला. ‘घरी घेऊन जा. इथे ठेवलास तर एक दिवस मीच छापेन. मी काही देव नाही.’ या सगळ्या वेळात मी एकदाही नको म्हटलं नाही. नको म्हणायचा क्षण आला तेव्हा मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात क्रेन आली, अर्धं पान व्यापून, आणि कोपऱ्यात तो मिशांचा चेहरा. आमच्या घरी आईने पेपर चष्म्याजवळ धरून बघितला. ‘हा तू आणलास?’ तिने विचारलं. मी हो म्हटलं. ‘कसं बघवतं गं तुला,’ ती म्हणाली. ‘त्यापेक्षा सरळ लग्नांचे फोटो काढ. लोक हसतात तरी.’ मी न जेवता उठले तेव्हा तिला वाटलं, तिच्या बोलण्याचा मला राग आला. मी घरातून निघेपर्यंत ती माझी समजूत काढत होती. वर्गात मी खिडकीच्या उजेडाचे फोटो दिले, रोलवरचे आधीचे, रिकामी बाकं, कॉलेजचा व्हरांडा. सरांनी ते उलटसुलट केले. ‘उजेड कळलाय तुला,’ ते म्हणाले. ‘माणूस नाही एकात पण.’ त्यानंतर साहेबांनी मला पत्ते दिले आणि मी जात राहिले. फक्त आता जिन्यात ढीग दिसला नाही की मी खाली येऊन फुटपाथवर उभी राहायची, आणि फोटो दुसऱ्या पेपरात यायचे. काही दिवसांनी ते काम साहेबांनी दुसऱ्या एका नव्या मुलाला दिलं. मला कॅमेरा घेऊन बाहेर पाठवायला लागले, सभा, उद्घाटनं, पाण्याच्या रांगा. बढतीच म्हणायची.

देते म्हटलं होतं, ते मात्र डोक्यातून जाईना. पहिल्या आठवड्यात जाणं शक्य नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मी कॉलेजच्या डार्करूममध्ये बसून तो फोटो स्वतः काढला, चांगल्या जाड कागदावर, काळं गडद येईपर्यंत, अस्तराच्या घड्या वेगवेगळ्या दिसेपर्यंत. तीन कागद वाया घालवले. इतकी चांगली प्रिंट मी आयुष्यात काढली नव्हती. ती पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घालून मी निघाले तेव्हा मनात थोडी ऐटही होती. मी हा कोणाला दिला नाही, पेपरात येऊ दिला नाही, असं मी स्वतःला सांगत होते. साहेबांचा त्यातला वाटा मी वाटेतच कुठेतरी गाळून टाकला. ती रडेल, मग माझा हात धरेल, हा एक फोटो उरला म्हणेल, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. ओरडली तर काय बोलायचं, तेही ठरवलं होतं.

तिनेच दार उघडलं. बारीक झाली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. ‘ये,’ ती म्हणाली. खोलीत कापड नव्हतं. मशीनवर झाकण होतं आणि खिडकीला काही नसल्यामुळे ऊन सरळ फरशीवर पडलं होतं. मी पुठ्ठा पुढे केला. तिने तो उघडला नाही, मांडीवर घेऊन बसली. ‘मला वाटलं, तू आणणार नाहीस.’ मी म्हटलं, ‘देते म्हटलं होतं ना.’ ती मान हलवून म्हणाली, ‘हो, म्हटलं होतंस.’ मग तिने पुठ्ठा बाजूला केला आणि बघितलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिने बघितलंच नाही. ती स्वतःकडे बघत होती, अनोळखी बाईकडे बघतात तशी.

‘तेव्हा ते झालेलं होतं?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘आणि तुला माहीत होतं.’

‘हो, काकू.’

तिने फोटो मांडीवर पालथा घातला. बाहेर कोणीतरी गालिचा झटकत होतं. ‘माझे दीर म्हणतात, त्या मुलीने तोंड उघडायला हवं होतं. मला नाही वाटत तसं. तू गेल्यावर मी एक पडदा पुरा केला. शेवटच्या शिवणीपर्यंत मला वाटत होतं, संध्याकाळी चिडवतील आता.’ तिने हाताने डोळे पुसले, पण रडली नाही. ‘तेवढं मिळालं मला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.’ मला सुटल्यासारखं वाटलं. मी काहीतरी बोलणार होते, बहुतेक आभारच मानणार होते.

तिने फोटो उचलून उजेडात धरला, मग डोळ्यांजवळ नेला. कापडाची वीण तपासावी तशी ती कडेपासून कडेपर्यंत बघत गेली. ‘किती स्वच्छ आलाय,’ ती म्हणाली. ‘टेपवरचे आकडेसुद्धा वाचता येतायत.’ तिचा अंगठा फोटोवरच्या स्वतःच्या गळ्याशी थांबला. ‘मी सारखी हसत होते. तू म्हणालीस, काकू, हलू नका. मी हलले नाही.’

मग तिने वर बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

‘तुझा हात जरासुद्धा हलला नाही?’

‘नाही,’ मी म्हटलं.